बार्सिलोना, शुक्रवार, साडेचार

बार्सिलोना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गाउदीच्या वेड्यावाकड्या इमारती, मेस्सी, समुद्र, तापास आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी धम्माल. माझ्या यादीतही हेच होतं. 2022च्या मे महिन्यात ऑफिसच्या कामानं दोन आठवडे तिथं जायचं ठरलं आणि कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं ‘हॉटेल कशाला गं?’ म्हणून घरी राहायला बोलावलं. तिचं घर एशांप्लामध्ये. फुकटात एवढं मोक्याचं ठिकाण कोण सोडणार?

एशांप्ला म्हणजे शहराच्या मधोमध असलेला बुद्धिबळाचा पट. इल्देफोन्स सर्दा नावाच्या इंजिनिअरनं तो 1859मध्ये आखला. प्रत्येक चौकोन सुमारे 113 मीटरचा, चारही कोपरे तिरके छाटलेले. प्रत्येक चौकोनाच्या आत बाग असावी असा त्याचा बेत होता. बेत कागदावर राहिला, बागांच्या जागी बांधकामं झाली आणि रुंद रस्ते गाड्यांनी भरले. विमानातून हा भाग अफलातून दिसतो. बाल्कनीत उभं राहिलं की मात्र दोन मिनिटांत आत यावंसं वाटतं.

कारण आवाज! आरागो नावाचा रस्ता घ्या. बऱ्याच लेन, सगळ्या एकाच दिशेनं. सिग्नलपाशी गाड्यांच्या पुढे टू-व्हीलर्ससाठी वेगळा चौकोन आखलेला असतो. तिथं वीस-पंचवीस स्कूटर आणि बाइक जमतात आणि हिरवा दिवा लागला की एकदम सुटतात. पुणेकराला माहेरी आल्यासारखंच वाटतं. फक्त हॉर्न नसतो, एवढाच काय तो फरक.

मैत्रिणीची मुलगी आठ वर्षांची. पहिल्याच आठवड्यात तिनं जाहीर केलं, ‘मावशी, शुक्रवारी आम्ही रस्ता बंद करणार आहोत, तू पण ये.’ मला वाटलं, खेळ असेल. गेले तर खरंच रस्ता बंद! साडेचारला शाळा सुटली, पालक एक लांब फलक धरून झेब्रा क्रॉसिंगवर आडवे उभे राहिले आणि पोरं सुटली ती थेट डांबरावर. खडूनं चित्रं, दोरीच्या उड्या, एका हातात सँडविच. इथं शाळा सुटल्यावरचं खाणं हा एक विधीच आहे, आपल्या चार वाजताच्या चहासारखा. त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात राहिलं ते दोरीचं. रस्त्यावर आपटणाऱ्या दोरीचा सप-सप आवाज मला पलीकडच्या फुटपाथवर ऐकू येत होता.

याला तिथं ‘रेव्होल्टा एस्कोलार’ म्हणतात, म्हणजे शाळेचा उठाव. 2020च्या डिसेंबरमध्ये एशांप्लातल्या पालकांनी तो सुरू केला आणि मग तो बऱ्याच शाळांत पसरला. मागणी साधी आहे : शाळेपुढची वाहतूक कमी करा. धूर आणि आवाज दोन्हीसाठी.

आता तुम्ही म्हणाल, आईबापांची हौस, दुसरं काय! मीही तशीच विचारत होते. तेव्हा मैत्रिणीनं हळूच आकडे काढले. (ती डेटा ॲनालिस्ट आहे, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?) याच शहरातल्या 39 शाळांत 2012-13 साली ‘ब्रीद’ नावाचा मोठा अभ्यास झाला. जोर्दी सुन्येर हे त्याचे प्रमुख. सात ते दहा वर्षांच्या 2715 मुलांची वर्षभरात चार वेळा चाचणी घेतली. वर्किंग मेमरी म्हणजे ‘47 अधिक 38’ करताना हातचा एक डोक्यात धरून ठेवायची ताकद. कमी धुराच्या शाळांत ती वर्षात 11.5 टक्क्यांनी वाढली. जास्त धुराच्या शाळांत 7.4 टक्क्यांनी.

माझे कान टवकारले ते मात्र पुढच्या गोष्टीनं. याच मुलांच्या वागण्याचाही अभ्यास झाला, तो 2016मध्ये छापून आला. आईवडिलांनी मुलांच्या वागण्याबद्दल एक प्रश्नावली भरली, शिक्षकांनी दुसरी. ज्या शाळांत गाड्यांचा काळा धूर आणि नायट्रोजन डायऑक्साइड जास्त, तिथल्या आईवडिलांनी वागण्याच्या तक्रारी जास्त नोंदवल्या. जिथं आवाज जास्त, तिथल्या शिक्षकांना चुळबूळ, धांदरटपणा, लक्ष न लागणं अशी एडीएचडीची लक्षणं जास्त दिसली.

मला आठवली माझ्या बहिणीच्या मुलाची डायरी. तिसरीतला पोरगा, पुण्यात शाळा एका मोठ्या चौकाला लागून. डायरीत दर आठवड्याला लाल शाईत एकच शेरा : वर्गात लक्ष नसते, सतत चुळबूळ. ताई त्याला काउन्सेलरकडे न्यायच्या विचारात होती आणि भावजींचं मत होतं की दोन धपाटे पुरेत. त्याचा वर्ग चौकाच्या बाजूला आहे, हे त्या चर्चेत कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं.

घाई मात्र नको. ट्रॅफिकमुळे एडीएचडी होतो, असं यातलं कुणीच म्हणत नाही. मुलाला खरंच अडचण असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पण मोठी माणसं अर्धवट ऐकलेलं वाक्य मनात पुरं करतात, आठ वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो. बस गेली, बाईंचे तीन शब्द गेले, सूचना हुकली, मग शेजाऱ्याला विचारायला मान वळवली आणि शेरा मिळाला. दिवसातून असं कितीदा होत असेल?

मी परत आले आणि जूनमध्ये त्याच शहरातला आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध झाला : 38 शाळा, 2680 मुलं. शाळेबाहेरचा आवाज 5 डेसिबलनं वाढला की वर्किंग मेमरीची वाढ सरासरीपेक्षा 11.4 टक्क्यांनी मंदावते, लक्ष देण्याची 4.8 टक्क्यांनी. वर्गाच्या आत तर सरासरी आवाजापेक्षाही त्याचे चढउतार जास्त नडतात. एकसुरी घरघर परवडली, मध्येच उसळणारी बाइक नको. आणि गंमत म्हणजे घरातल्या ट्रॅफिकच्या आवाजाचा असा संबंध दिसला नाही. म्हणजे प्रश्न नेमका शिकायच्या तासांचा आहे.

तसं हे अगदी नवंही नाही. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेशेजारून उंचावरची रेल्वे जायची. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागच्या बाजूच्या मुलांपेक्षा मागे असल्याचं 1975मध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवलं. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. 1981च्या तपासणीत फरक नाहीसा झाला होता. शाळा तीच होती, रेल्वेही तीच.

बार्सिलोनाही हललं. महापालिकेनं शंभरहून जास्त शाळांपुढचे रस्ते अरुंद केले, वेग कमी केला, बाकं ठेवली. एशांप्लातल्या कोन्सेल दे सेंत या रस्त्याचा मोठा भाग 2023मध्ये चालणाऱ्यांचा झाला. यावरून भांडणं भरपूर झाली, दुकानदार चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. सगळं गोड-गोड नव्हतं. युरोपियन कोर्टानं तर 2022च्या डिसेंबरमध्ये बार्सिलोना आणि माद्रिदच्या हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल स्पेनला दोषी ठरवलं. तुम्ही गेलात तर साग्रादा फामिलियाच्या रांगेतून सुटल्यावर एखाद्या शाळेपुढे साडेचारला नक्की थांबा. तिकीट लागत नाही.

आणि आपल्याकडे? नियम आहे की! 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचं किमान 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, दिवसा मर्यादा 50 डेसिबल. भाच्याच्या शाळेबाहेरही हॉर्नवर लाल फुली मारलेला बोर्ड आहे. त्याच्या खाली रिक्षा स्टँड आहे.

मी ताईला सगळं पाठवलं. तिनं पुढच्या पालकसभेत रस्ता बंद करा वगैरे काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, ‘लहान वर्ग मागच्या बाजूला नेता येतील का?’ उत्तर आलं, मागच्या बाजूला ऑफिस, स्टाफरूम आणि कॉम्प्युटर लॅब आहे, तिथं शांतता लागते. ताईनं ते वाक्य शाळेच्या मिनिट्सच्या वहीत तसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं आणि खाली अकरा पालकांच्या सह्या घेतल्या. दिवाळीनंतर लॅब पुढे आली आणि तिसरीचा एक वर्ग मागे गेला. भाचा दुसऱ्या तुकडीत आहे. त्याच्या वर्गासाठी ताई आता स्टाफरूमच्या मागे लागली आहे.