दुसऱ्यांच्या नावाचे निरोप

माझ्या फोनवर चार माणसांचे आजार येतात. गेल्या महिन्यापर्यंत ती पाच होती. त्यांतला एकही आजार माझा नव्हे.

आमचा धर्मग्राम पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. सभोवती वारल्यांचे पाडे. दोन वर्षांपूर्वी तेथे आरोग्य शिबिर भरले होते. केंद्र शासनाने २०२१ साली देशभर आरंभिलेल्या डिजिटल आरोग्य योजनेनुसार प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक द्यायचा होता. संगणकावरील मुलाने एका तरुण सुनेला मोबाईल क्रमांक विचारला. तिच्याकडे फोन नव्हता. मागची रांग खोळंबली. मी औदार्याने म्हणालो, “माझा लिही.” पुढे आणखी चौघांच्या नावापुढेही माझाच क्रमांक लागला. त्या दिवशी मी स्वतःवर बराच प्रसन्न होतो.

मी या योजनांचा विरोधक नाही, हे आधीच सांगून ठेवतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कोठे मुंबईला या मुलखाची जाग आली. त्या काळी तज्ज्ञ डॉक्टरचे दर्शन म्हणजे दिवसभराची पायपीट. आता ‘ई-संजीवनी’मुळे आरोग्य केंद्रात बसून पडद्यावर तज्ज्ञाचा सल्ला मिळू शकतो, अर्थात रेंज असेल तर. शिवाय आमची माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीला, वसईला. (मी वसईचा. आमच्या घरांच्या विटा कोणी भाजल्या हा प्रश्न मला येथे येईपर्यंत पडला नव्हता.) क्षयाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते आणि स्थलांतरात ते हमखास तुटते. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदीमुळे भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही ते पुढे चालू ठेवता येते. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. तेही थेट बँकेत. केसपेपर पावसात भिजतो, भट्टीवर हरवतो. ही नोंद भिजत नाही.

असो. एके सकाळी मिस्सा आटोपून मी कचेरीत बसलो होतो. तालुक्याच्या गावातील एका दवाखान्यातून फोन आला. “तुमच्या नंबरवर ओटीपी आलाय, सांगता का?” मी सहा आकडे वाचून दाखवले आणि पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळलो. अर्ध्या मिनिटाचे काम.

आठवड्याने ती सून आली. दिवस गेले होते म्हणून ती सासूसोबत तपासणीला गेली होती. माझ्या आकड्यांनी तिच्या जुन्या नोंदी उघडल्या, आणि काउंटरवरील माणसाने लग्नापूर्वी तिने घेतलेल्या क्षयाच्या औषधांची नोंद मोठ्याने वाचली. रोग केव्हाच बरा झाला होता. सासरी मात्र ठाऊक नव्हते. आता तिचे ताट वेगळे ठेवले जात होते.

ती रागावली नव्हती. तिच्या बोलीत लहानथोर सर्वांना ‘तू’च. “फादर, तू मला विचारलं नाहीस,” एवढेच ती म्हणाली.

योजना करणाऱ्यांनी रुग्णाच्या संमतीवाचून नोंद उघडू नये असाच नियम केला आहे. ते सहा आकडे म्हणजे तिची संमती होती, आणि ती मी देऊन टाकली. विवाहपूर्व शिबिरात गेली पंचवीस वर्षे मी शिकवत आलो की वधूवरांची संमती कोणतीही मानवी सत्ता त्यांच्याऐवजी देऊ शकत नाही; कॅनन १०५७. सेमिनरीत हे कलम मी घोकून पाठ केले होते. कबुलीजबाबात ऐकलेले मी प्राण गेला तरी सांगणार नाही. पण खिशातल्या यंत्रावर आलेले गुपित मी न वाचताच वाटून टाकले.

मी आशाताईंना घेऊन तिच्या सासरी गेलो. बरा झालेला क्षय पसरत नाही, हे त्यांनी वारलीत समजावले. सासू ऐकत होती. तिला किती पटले, सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याने भट्टीच्या उचलीतून फोन घेतला. क्रमांक बदलायला आम्ही केंद्रावर गेलो. आधीच्या क्रमांकाची खात्री हवी होती, म्हणून ओटीपी पुन्हा माझ्याच फोनवर आला. संगणकवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी फोन तिच्या हातात दिला. आश्रमशाळेत ती चौथीपर्यंत शिकली आहे. एकेका आकड्यावर बोट ठेवून तिने सहाही आकडे वाचले, सावकाश. उरलेल्या चौघांपैकी दोघे अजून भट्टीवर आहेत.