दमडी

‘खिशात दमडी नाही’ म्हणणाऱ्याला दमडी नको असते, पैसे हवे असतात. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीतही तसंच. नाणं केव्हाच मोडीत निघालं, पण त्याच्या नावाने आपण अजून साऱ्या पैशाबद्दल बोलतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

अकबराच्या काळी दमडी खरोखर चालायची. तांब्याचा दाम वीसेक ग्रॅमचा, त्याचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. चाळीस दामांचा रुपया. म्हणजे रुपयाला ३२० दमड्या. हा दाम आला द्रम्मावरून. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त त्याचं कोष्टकच दिलं आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. गुणाकार केला की एका द्रम्माच्या १२८० कवड्या होतात.

द्रम्माचं मूळ मात्र ग्रीकांच्या द्राख्मात. द्राख्मा म्हणजे मूठभर. नाण्यांआधी तिकडे लोखंडी सळया चलन म्हणून चालत, आणि सहा सळया मुठीत मावत. वायव्येकडच्या ग्रीक राजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला. अरबांकडे त्याचाच दिरहम झाला. आज दुबईत राबणारा रत्नागिरीचा माणूस दिरहम कमावतो आणि घरी फोनवर ‘दमडी उरत नाही’ म्हणतो, तेव्हा तो एकाच घराण्यातल्या दोन नाण्यांविषयी बोलत असतो. खुद्द ग्रीसने २००१ साली युरो घेतला आणि २००२ साली द्राख्मा सोडला.

दाम आपल्या कायद्यातही शिरला. दामदुप्पट म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा सावकाराला घातलेला जुना लगाम. तरीही १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांवर सावकारांकडची कर्जखतं जाळायची पाळी आली. ज्यांना एकेक दमडी मोजून द्यावी लागली, त्यांच्याच बोलण्यात ती टिकली, असं मला वाटतं.

चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा यांचा हिशेब १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली तेव्हापासून मागे पडत गेला. त्या नाण्यांनी बाजार केलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. घरात कोणी असेल, तर कशाला काय पडायचं ते त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.