‘ब्लू बॉटल’ला माझी संमती

पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या सुमारास, जुहू-गिरगावच्या वाळूवर निळे फुगे वाहून येतात आणि वर्तमानपत्रांत ‘ब्लू बॉटल’ हे नाव झळकू लागतं. या नावावर माझा बरीच वर्षं राग होता. मी मराठीतून विज्ञानावर लिहिते आणि नावांच्या बाबतीत जरा कर्मठच आहे. माझ्या लेखांत हा प्राणी ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ म्हणूनच यायचा. आता मी त्याला ‘ब्लू बॉटल’ म्हणते. मत फिरलं ते कंटाळून नव्हे. जुन्या मताच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणूनच हा जबाब.

ते जुनं नाव रुबाबदार होतं. पाण्यावर तरंगणारा फुगा आणि त्याच्या माथ्यावर शिडासारखा उभा तुरा. हा प्राणी पोहत नाही, वारा नेईल तिकडे जातो. काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात काही एका अंगाला जातात, काही दुसऱ्या. युरोपच्या खलाशांना त्यात पोर्तुगिजांचं लढाऊ गलबत दिसलं. खुद्द पोर्तुगीज लोकही त्याला आपल्या जुन्या शिडाच्या जहाजावरून ‘काराव्हेला पोर्तुगेझा’ म्हणतात. आपल्या किनाऱ्याने तर ही जहाजं अंगावर घेतलेली. फिरंग्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना असल्याशिवाय आपल्याच समुद्रात मालाचं गलबत हाकणं धोक्याचं होतं, तो काळ कोकण-गोव्याने भोगला आहे. तेव्हा हे नाव आपल्याला परकं कसं, असा माझा सवाल असायचा.

नावातलं युद्धही खोटं नव्हतं. फुग्याखाली लोंबणारे धागे मोठ्या नमुन्यांत दहा मीटर सहज भरतात, तीस मीटरपर्यंतही जातात, आणि त्यांच्यावर दंशपेशींच्या रांगा असतात. 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी याच प्राण्याच्या विषाचा अभ्यास सुरू केला. फ्रान्सला परतल्यावर तो मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. पहिला डोस पचवलेलं जनावर काही आठवड्यांनी दिलेल्या छोट्याशा डोसाने दगावलं. या उलट्या प्रतिक्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं आणि 1913 साली रिशेंना नोबेल मिळालं. ज्याच्या डंखापासून वैद्यकातलं एक प्रकरण सुरू झालं, त्याला बाटली म्हणायचं?

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो उपचारांनी. ‘ब्लू बॉटल’ हे नाव ऑस्ट्रेलियात रुळलेलं. तिथल्या किनाऱ्यांवर डंख झालेल्या लोकांवर केलेली चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात डंखाची जागा वीस मिनिटं ठेवली, की वेदना बर्फापेक्षा चांगली शमते, असं त्यात दिसलं. व्हिनेगर तिथे बॉक्स जेलीफिशसाठी वापरतात. ब्लू बॉटलसाठी तिथले जीवरक्षक ते सुचवत नाहीत. काही संशोधकांना हे मान्य नाही, तो वाद चालू आहे. पण वाद घालायलाही कुठल्या प्राण्याबद्दल बोलतोय ते कळावं लागतं. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘जेलीफिश’ म्हणायची सवय. हा तर जेलीफिशही नव्हे; अनेक जीवांची ती एक वसाहत. कुणी फुगा झालेला, कुणी शिकार धरणारा, कुणी ती पचवणारा. ‘ब्लू बॉटल’ म्हटलं की निदान त्याच्यासाठीचा सल्ला हाती लागतो. आणि पाण्यात उतरलेल्या पोरांना जीवरक्षकाने ओरडून सावध करायचं, तर ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ पुरं होईतो लाट येऊन जाईल.

तरीही मी याला सोय म्हणत होते, बरोबर म्हणत नव्हते. या प्राण्याच्या ‘फिजॅलिया’ या प्रजातीत जगभर एकच जात आहे, असं तेव्हा धरलं जाई. मग अटलांटिकमधला थोरला काय आणि आपल्याकडचा धाकटा काय, नाव एकच हवं.

2025 साली हा आधारही गेला. जगभरातले नमुने गोळा करून त्यांचे जनुकसंच तपासले गेले, लोकांनी किनाऱ्यांवर काढलेली छायाचित्रं त्यांच्याशी ताडून पाहिली गेली आणि एका जातीच्या चार झाल्या. त्यातल्या तीन जुन्या निसर्गअभ्यासकांनी कधीच वेगळ्या नोंदवल्या होत्या. पुढच्यांनी त्या एकात मिसळून टाकल्या होत्या. हिंद-प्रशांत महासागरातली, चणीने लहान, बहुधा एकच लांब धागा असलेली ‘युट्रिक्युलस’ ही त्यातली एक. ब्लू बॉटल म्हणून लोक जिला ओळखत आले, ती मुख्यतः हीच. भारतीय नोंदींत कधी अटलांटिकमधल्या थोरल्याचं ‘फिजॅलिस’ हे जातिनाव लिहिलेलं असतं, कधी ‘युट्रिक्युलस’. प्रयोगशाळेने एकत्र बांधलेलं गाठोडं किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्या परीने आधीच सोडलं होतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मी पुस्तकातून.

एक तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही. बाटली म्हटलं की मूल हात लावणारच, आणि वाळूवर मरून पडलेल्याचे धागेही डंख मारतात. पण त्यासाठी नवं नाव पाडण्याची गरज नाही. ‘निळी बाटली’ तर नकोच, ती औषधाच्या दुकानातली वाटते. नावाने ओळख पटवून द्यावी. सावध करण्याचं काम फलकाचं आहे, आणि तो फलक मराठीत, ठळक, पाण्याच्या अलीकडे हवा. ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ मी अटलांटिकमधल्या थोरल्यासाठी राखून ठेवलं आहे.