आबांच्या कपाशीचा पंजा झाला त्याबद्दल

गेल्या साली ऑगस्टमधी केलेली चूक आज लिहितोय. वर्षभर हिंमत झाली नव्हती.

माझा आडसाली ऊस आणि पूर्वेच्या बांधाला लागून आबांची कपाशी. आबा माझे चुलतभाऊ, वयाने मोठे. उसात गाजरगवत आणि रुंद पानाचं तण लई माजलं म्हणून टू-फोर-डी मारायचं ठरवलं. तणनाशकाचा चपटा नोझल ऐन वेळी सापडला नाही. मग एचटीपीची गन घेतली आणि दाब फुल्ल सोडला. धुक्यासारखा फवारा उडत होता. मला तर बरंच वाटलं, म्हणलं काय झकास झाकतंय! वारा पश्चिमेचा, पण जास्त नव्हता. उसाची पानं सळसळत होती, एवढंच.

आठ-दहा दिवसांनी आबा बांधावर आले. हातात कपाशीचा शेंडा. पान कपाशीचं वाटतच नव्हतं, भेंडीसारखं चिरलेलं, शिरा एकमेकीला चिकटत आलेल्या, पंजासारखं. मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हणलं, "आबा, तुमचाच पंप नीट धुतला नसंल." आबा काही बोलले नाहीत. हाताला धरून मला कपाशीत नेलं. बांधाजवळच्या तासात एक झाड धड नव्हतं. सहाव्या-सातव्या तासात निम्मी झाडं बिघडलेली. पंधराव्या तासाला एखादंच पान, त्याच्या पुढं रान साफ. चार फुटी कपाशी, म्हणजे साठ फूट झाले. पंपात औषध राहिलं असतं तर सगळं रान सारखं बिघडलं असतं. हे माझ्याच बांधावरनं गेलं होतं.

आमची धाकटी परभणीला बीएस्सी ॲग्रीला आहे. रात्री तिला फोन केला. तिनं उलट मलाच विचारलं, "बाबा, खळ्यावर उपणताना गहू कुठं पडायचा आणि भूस कुठं जायचं?"

तिवईवर उभं राहून पाटी ओतली की दाणा पायाशी पडायचा, भुसकट पार पलीकडं जायचं. वारा दोघांना एकच. हे मी पोरपणापासून करत आलो, पण औषधाच्या थेंबाला तेच लागू आहे हे कधी डोक्यात आलं नाही. दहावीला घर्षण शिकलो होतो, तेवढ्या मार्कापुरतं.

तर हवा पडणाऱ्या वस्तूला अडवते, तेही घर्षणच. थेंब जाडीने निम्मा झाला की त्याचं वजन आठव्या हिश्श्यावर येतं, पण हवेला अडायला मिळणारा त्याचा पसारा चौथ्या हिश्श्यावरच राहतो. म्हणून बारीक थेंबाला हवा जास्त धरून ठेवते. पोरीनं सांगितलेले आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. 400 मायक्रॉनचा थेंब, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा लहान, एक मीटरवरून पाऊण सेकंदाच्या आत खाली येतो. 100 मायक्रॉनचा, साधारण डोक्याच्या केसाएवढा, चार सेकंद घेतो. 50 मायक्रॉनचा तर दहा सेकंदांच्या वर तरंगत राहतो, आणि तेवढ्यात वाळून अजून बारीक होतो. पानं सळसळतात तो वारा ताशी 10 किलोमीटरपर्यंत असतो, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. आता गुणाकार करून बघा. जाड थेंब दोन मीटरमधी बसतो, केसाएवढा अकरा मीटर जातो, त्याहून बारीक तीस मीटरच्या पुढं. आणि दाब जितका वाढवाल तितका थेंब बारीक. मी जे झकास म्हणत होतो तेच आबांच्या रानात गेलं.

हवेला शिव्या देऊन उपयोग नाही. पावसाचा 2 मिलिमीटरचा थेंब ताशी 23-24 किलोमीटरने पडतो तो हवा अडवते म्हणूनच. हवा नसती तर एक किलोमीटरवरून तो ताशी 500 किलोमीटरने आला असता. रानात एक पान राहिलं नसतं.

मी मारलं ते अमाइन सॉल्ट होतं. इथाइल एस्टर वापरणाऱ्यांना अजून एक धोका आहे, ते नंतर वाफ होऊनही जातं.

यंदा जुलैत आधी नुसत्या पाण्यावर बघितलं. टाकीत कपड्याची नीळ कालवली, बांधापलीकडं पाच, दहा आणि वीस पावलांवर खताच्या पांढऱ्या गोण्या बांबूला बांधल्या. गन फुल्ल दाबावर मारली तर वीस पावलांवरच्या गोणीवर बी बारीक निळे ठिपके. चपटा नोझल, कमी दाब, गुडघ्याएवढी उंची ठेवली तर पाच पावलांच्या गोणीवर पाच-सात ठिपके, पुढच्या दोन कोऱ्या. तिसरी गोणी आबांनी धरली होती, बांबू कमी पडला म्हणून. गोणीकडं बघत म्हणाले, "हे गेल्या साली केलं असतंस तर?" मी गोण्या सोडायला लागलो.

गेल्या हंगामात त्या पंधरा तासांत बोंडं कमी लागली. मी नुकसान द्यायला गेलो होतो, आबांनी पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा घेतले असते तर बरं झालं असतं. यंदा त्यांच्या बाजूच्या आठ सऱ्यांना तणनाशक लावलंच नाही, बाया लावून खुरपून घेतल्या. बाकीचा ऊस वारा आबांकडनं माझ्याकडं असतानाच मारला, त्यासाठी चार दिवस थांबावं लागलं.

जाड थेंब पाडणारे हवा ओढणारे नोझल मिळतात असं पोरगी म्हणते. तुमच्यापैकी कुणी पाठीवरच्या बॅटरी पंपाला लावलं असंल तर त्या पंपाचा दाब त्याला पुरतो का, तेवढं सांगा.