चार्टर्ड बसचा रविवार

१९८५च्या जूनपर्यंत केंद्र सरकारच्या कचेऱ्या शनिवारीही उघड्या असायच्या. महिन्यातला दुसरा शनिवार तेवढा सुट्टीचा. नोकरीपायी दिल्लीत येऊन पडलेल्या मराठी घरांत त्यामुळे कालनिर्णय बघायचा क्रम ठरलेला होता: आधी चतुर्थी, मग एकादशी, मग दुसरा शनिवार. तो दिवस सणवार किंवा हळदीकुंकवावर पडला नाही, की रात्रीच्या जेवणाला बाबा विषय काढायचे, "या वेळी कुठे?"

आर. के. पुरम, सरोजिनी नगर, लोधी कॉलनी इथल्या सरकारी क्वार्टरांत आमची पिढी वाढली. शेजारी रोहतकचे, मेरठचे, अलवरचे. शनिवारी दुपारी पिशवी उचलून ते आपापल्या गावी जात आणि सोमवारी साजूक तूप, गूळ, शेतातली मोहरीची भाजी घेऊन परतत. त्यातलं थोडं आमच्याही घरी यायचं. आमचं गाव दीड हजार किलोमीटरवर. तिथे जायचं ते वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, झेलम एक्सप्रेसच्या लाकडी बाकांवर होल्डॉल उलगडून. "जरा गावी जाऊन येतो" हे वाक्य आमच्या वडिलांना कधी सहज म्हणताच आलं नाही. मग त्यांनी दिल्लीच्या भोवती दोनशे किलोमीटरचा एक गोल आखला आणि त्यात येईल ते सगळं आपलं मानलं. मथुरा आपली, भरतपूर आपलं, कुरुक्षेत्र आपलं. पानिपत तर काय, आपलंच.

वाहनाची सोय मोठी गमतीची होती. दिल्लीत बाबूलोकांना वसाहतीतून कचेरीत नेणाऱ्या खासगी चार्टर्ड बस असत. सोमवार ते शनिवार याच बसमध्ये बाबा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत जायचे. रविवारी तीच बस आमचं मराठी मंडळ ठरवून घ्यायचं. ड्रायव्हर तोच, सीटही बहुधा त्याच. सहाच्या सुमाराला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवनापाशी जमायचं. जानेवारीत त्या वेळी समोरचा माणूस धुक्यात आधी आवाजाने ओळखू यायचा. "पाच जण कमी आहेत, करोलबागला चढणार आहेत," असं कुणीतरी ओरडायचं आणि करोलबागला सात जण चढायचे.

सहलींचा हंगाम थंडीचाच. एप्रिलपासून लू सुरू झाली, की घराबाहेर पडणं हा वेडेपणा ठरायचा. म्हणून दिवाळी ते होळी एवढ्यात बहुतेक सगळं उरकायचं. आईची तयारी आदल्या रात्री चालायची. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. पाण्याला फिरकीचा तांब्या, चहाला ईगलचा थर्मास. उत्तरेत राहून आमच्या डब्यात दोन गोष्टी नव्याने शिरल्या होत्या, मुळ्याचे पराठे आणि गाजराचं लोणचं. पराठे शेजारच्या बीजींनी शिकवले. पण खाण्याची वेळ आमचीच. साडेअकराला सतरंजी अंथरून आम्ही जेवायला बसलो, की आजूबाजूची पंजाबी कुटुंबं अचंब्याने बघायची. त्यांचा नाश्ता अजून चालू असायचा.

जवळचं ठिकाण म्हणजे बडखल. फरीदाबादजवळ अरवलीच्या टेकड्यांत बांध घालून अडवलेलं तळं, त्यात होड्या, काठावर हरियाणा सरकारचं पर्यटनगृह. बन्सीलालांच्या काळात हरियाणाने एक शहाणपणाचं काम केलं: सांगण्यासारखे डोंगर नाहीत, समुद्र नाही, तरी दिल्लीहून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर थांबायला नीटनेटकी जागा बांधली आणि तिला पक्ष्याचं नाव दिलं. होडलला डॅबचिक, समालख्याला ब्लू जे, पानिपतला स्कायलार्क, पिपलीला पॅराकीट, सोहन्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी बार्बेट. पक्ष्यांची इंग्रजी नावं आम्ही शाळेत नव्हे, या पाट्यांवर शिकलो. पुरुषमंडळींना तिथली बिअर दिसायची. आमच्या आया-मावश्यांना मात्र तिथलं स्वच्छ संडास-बाथरूम दिसायचं, आणि सहल कुठे न्यायची हे खरं त्यावरून ठरायचं. त्याआधी बायका घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. सहलींच्या आठवणी बहुतेक पुरुष सांगतात, म्हणून ही गोष्ट कुणी सांगत नाही.

बडखल पुढे आटलं. टेकड्या खणून दगड आणि बदरपूर नावाची तांबूस रेती दिल्लीच्या बांधकामांना जात होती, पाण्याच्या वाटा तुटत होत्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तळ्याभोवती दोन किलोमीटरांत खाणबंदी केली, तरी तळं कोरडं पडायचं ते पडलंच. त्याच वर्षांमध्ये आमच्या वडिलांच्या पिढीने क्वार्टर सोडून डीडीएचे किंवा सोसायटीचे फ्लॅट घेतले. गिलाव्याला तेव्हा सगळीकडे बदरपूरच वापरत. तळं कुणी पळवलं म्हणून हळहळायचं, तर आधी आपल्याच भिंतीवर हात ठेवायला हवा.

आग्रा म्हणजे पाहुण्यांचं गाव. १९६४ पासून ताज एक्सप्रेस होती. सकाळी जाऊन रात्री परत. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा 'दिल्ली-आग्रा-मथुरा-हरिद्वार' एका दमात म्हणायचा, आणि यजमानाने सोबत जाणं हा शिष्टाचार. बाबांनी ताज इतक्यांदा दाखवला, की पुढे पुढे ते पाहुण्यांना दारातून आत सोडून स्वतः झाडाखाली पेपर वाचत बसायचे. बाकी गाडीत चढताना पेठ्याचे डबे त्यांनाच उचलावे लागत. फोटो काढायला आग्फा क्लिक थ्री. एका रोलवर बारा फोटो निघत, त्यामुळे मथुरेत पेढ्यांच्या दुकानापुढे कुणी पोझ घेतली तर बाबा कॅमेऱ्याचं झाकणच लावायचे. वृंदावनात माकडाने मावशीचा चष्मा पळवला आणि फुटाण्यांच्या बदल्यात परत दिला, तो प्रसंग म्हणूनच फोटोत नाही.

पण ताजची एक सहल वेगळी, कोजागिरीची. तेव्हा पौर्णिमेच्या रात्री ताज खुला असे, आणि शरद पौर्णिमेला तर जत्रा भरायची. चंद्र सरकला की संगमरवरात जडवलेले खडे मधूनच लकाकतात. आग्र्याचे लोक "चमकी, वो देखो चमकी" म्हणून बोट दाखवायचे. आमच्या बायकांनी केशर-वेलदोड्याचं आटवलेलं दूध थर्मासांत भरून नेलेलं. बाहेर हिरवळीवर बसून ते वाटलं, चंद्राला नैवेद्यही दाखवला. शहाजहानच्या कबरीपाशी कोजागिरी! आजीला विचारलं असतं तर तिने आंघोळ करायला लावली असती, पण आजी पुण्यात होती. १९८४ मध्ये सुरक्षेच्या कारणाने रात्रीचा ताज बंद झाला, तो २००४ पर्यंत. पुन्हा उघडला तो तिकिटं मोजून, अर्ध्या तासाच्या हिशेबाने. थर्मास नेण्याची सोय आता नाही.

आणि पानिपत. दिल्लीपासून नव्वद किलोमीटर, जीटी रोडने सरळ उत्तरेला. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आम्हाला स्वातंत्र्यदिनाइतकीच पाठ होती. त्यामुळे संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी मंडळाची बस तिकडे निघायची, आणि दर वर्षी घरात तोच वाद व्हायचा. आईचं म्हणणं, संक्रांतीला पानिपतचं नाव घेऊन घराबाहेर कोण पडतं? बाबांचं म्हणणं, तेव्हाच जायचं, म्हणजे थंडी कळते. त्यांचं हे बोलणं आम्हाला तिथे गेल्यावर पटायचं. काला आंब म्हणजे तेव्हा शेतांमधली एक ओकीबोकी जागा, विटांचा खांब आणि भोवती गहू. आंब्याचं झाड कधीच गेलेलं. रक्ताने माती काळी पडली, फळं काळी निघाली, असं म्हणतात. बाबा हे "म्हणतात" जोर देऊन म्हणायचे. मग धुक्याकडे तोंड करून दाखवायचे, भाऊसाहेब पेशव्यांची फौज इथून इथपर्यंत, दिल्लीची वाट तोडलेली, धान्य संपलेलं, जनावरं मरत होती. आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून पुऱ्या खात ऐकत होतो. उपाशीपोटी या थंडीत लढाई, हे गणित मुलांच्या डोक्यात तिथेच शिरलं. पाठ्यपुस्तकातून ते शिरलं नव्हतं.

खांबाशी फूल ठेवून, तिळगूळ वाटून झाला, की आई पदर सारखा करून म्हणायची, "भाऊसाहेबांना नमस्कार झाला. आता बाजारात चला." पानिपतच्या बाजारात खेस, सतरंज्या, ब्लँकेटं दिल्लीपेक्षा स्वस्त. आणि पचरंगा लोणचं, फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या लोकांनी इथे रुजवलेलं. परतीच्या बसमध्ये विश्वासरावांवर गंभीर चर्चा आणि पायाशी मोहरीच्या तेलाचा वास, असं दोन्ही एकदम चालायचं. मला यात विसंगती कधी वाटली नाही. त्या फौजेबरोबर बाजारबुणगे, बायका, यात्रेकरूही होतेच की.

पानिपतातून वाचलेल्यांना भरतपूरच्या सुरजमलने आसरा दिला. म्हणून भरतपूरला घना अभयारण्यात सायबेरियातून आलेले पांढरे क्रौंच बघायला गेलो तरी बाबांची गाडी तिकडेच वळायची. जवळच कुम्हेर. तिथल्या वेढ्यात १७५४ मध्ये खंडेराव होळकर पडले, अहिल्याबाईंचे पती. सायकलरिक्षावाला दुर्बीण देऊन पक्षी दाखवतोय आणि बाबा त्यालाच सुरजमलची गोष्ट सांगतायत, असा तो देखावा. त्याला ती अर्थातच जास्त ठाऊक होती. ते क्रौंच २००२ नंतर भरतपूरला आले नाहीत.

शनिवार-रविवार सुट्टी झाली तेव्हा वाटलं, आता काय, दुप्पट हिंडू. झालं उलटंच. शनिवार गॅस, रेशन आणि मुलांच्या ट्यूशनने खाल्ला. थोड्याच वर्षांत एकेका घरापुढे मारुती उभी राहिली आणि मंडळाच्या बसला माणसं जमेनात. प्रत्येकाला आपल्या वेळेने निघायचं होतं, आपल्या वेळेने परतायचं होतं. आता आमची मुलं नीमराण्याच्या किल्ल्यात रात्र काढतात, मध्यरात्री उठून मुरथलला पराठे खायला जातात, यमुना एक्सप्रेसवेने आग्रा दुपारच्या जेवणाआधी गाठतात. मजा तीही करतात. गाडीत पाचवा माणूस मात्र मावत नाही.

पानिपतला मात्र गर्दी वाढलीय. दर १४ जानेवारीला काला आंबपाशी भगवे झेंडे असतात, महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात. तिथे आता बाग आहे, कुंपण आहे. शहरावरून उंच पूल गेल्यामुळे जुना बाजार खालीच राहून जातो. पण लोणचेवाले हुशार. त्यांनी दुकानं हमरस्त्यावर आणून मांडलीत, एकाला लागून एक, आणि प्रत्येकाच्या पाटीवर लिहिलेलं: असली पचरंगा. त्यातलं खरं असली कोणतं, यावर आमच्या भावंडांत अजून एकमत नाही.