मातृभाषेचा रकाना

आषाढातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही कचेरीत बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेली आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी छत्री दाराशी ठेवून आत आली. तिच्या हाती पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि आमच्या चर्चने दिलेला स्नानसंस्काराचा दाखला होता.

‘‘फादर, आज रात्रीपर्यंत फ्रेंचच्या परीक्षेला नाव नोंदवायचंय. जागा थोड्याच उरल्यात. पण माझं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे. कोणतं लिहू?’’

आम्ही तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. शाळेने ‘डि’नंतर एक लहानशी खूण दिली होती, पासपोर्टात ती गळून अक्षरे जोडली गेली होती आणि चर्चच्या दाखल्यावर शेवटच्या ‘स’चा ‘झ’ झाला होता. 1534 ते 1739 या काळात पोर्तुगीजांनी वसईला ही आडनावे दिली आणि पुढे प्रत्येक लेखनिकाने ती आपापल्या कानाने लिहिली. त्या ‘झ’खाली सही आमचीच होती, हेही सांगितले पाहिजे. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टच तपासला जातो, तेव्हा पासपोर्टातले नाव अक्षरश: उतरवावे, असे आम्ही सुचवले. दाखला मात्र दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दुरुस्त करून दिला.

आमच्या घरांतून परदेशी गेलेली मुले आजवर इंग्रजीच्या बळावर गेली. मग ही फ्रेंच कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. कॅनडाच्या 1969 च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा तेथे राजभाषा झाल्या. ‘एक्सप्रेस एन्ट्री’ या पद्धतीत उमेदवाराचे वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांना गुण मिळतात. वय वाढले की गुण घटतात, मग फ्रेंचचा आधार शोधावा लागतो. चांगली फ्रेंच येणाऱ्याला अधिकचे पन्नासपर्यंत गुण मिळू शकतात, आणि 2023 पासून फ्रेंच जाणणाऱ्यांची वेगळी निवडही होऊ लागली. त्यासाठी ‘टेफ कॅनडा’ किंवा ‘टीसीएफ कॅनडा’ यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही अंगांत निदान सातवी पातळी गाठावी लागते. एक अंग लंगडे पडले तर उरलेल्या तीन अंगांचे बळ तेथे कामी येत नाही. निकालही दोनच वर्षे ग्राह्य धरतात.

अर्ज भरता भरता ती एका रकान्यापाशी थबकली. तेथे मातृभाषा विचारली होती.

‘‘फादर, इथे काय लिहू? यादीत मराठी आहे. पण आय तर माझ्याशी सामवेदीत बोलते.’’

‘‘मराठीच लिही, पोरी. सामवेदी तिच्याच घरातली.’’

उत्तर बरोबर होते, तरी मनाला लागून राहिले. जी बोली आमच्या आयांनी आम्हांला पाळण्यात दिली, तिला जगाच्या यादीत जागा नाही आणि आमच्या घरांतूनही ती ओसरत चालली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. परक्याची भाषा माणूस आपलीशी करू शकतो, हे आम्ही व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे. मात्र स्टीफन्स यांच्या आईने मुलाविना कसे दिवस काढले असतील, हा विचार त्या दिवसापर्यंत आमच्या मनात आला नव्हता.

कारण या मुलीची आई आम्हांला ठाऊक होती. पती निवर्तल्यावर मोगऱ्याच्या कळ्या खुडून तिने लेकीला परिचारिका केले. त्याच आठवड्यात ती माउली आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘फादर, ती तुमचं ऐकेल. तिला जाऊ नको म्हणा.’’ आम्ही होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही.

सेमिनरीत ग्रंथ वाचण्यापुरती फ्रेंच आम्ही शिकलो होतो. तेवढ्या शिदोरीवर रविवारी मिस्सेनंतर तिचा बोलण्याचा सराव घेऊ लागलो. टेफच्या तोंडी परीक्षेत एखादी जाहिरात दाखवून सुमारे दहा मिनिटे मित्राचे मन वळवायला सांगतात. परीक्षक मित्र होऊन हरकती घेतो, आपण त्यांना उत्तरे द्यायची. तो मित्र आम्ही झालो. एके दिवशी विषय होता दूरच्या सहलीचा. आम्ही हरकती घेत गेलो : प्रवास लांबचा आहे, थंडी सोसणार नाही, घरी म्हातारे माणूस एकटे आहे. तिसरी हरकत ऐकताच ती गप्प झाली. मग मराठीत म्हणाली, ‘‘फादर, हे पुस्तकात नाही.’’ आम्हांला मान वर करवेना.

परीक्षा झाली. ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत तिने सातवी पातळी गाठली, लिहिण्यात सहावीवर राहिली. निकालाचा कागद घेऊन ती पुन्हा कचेरीत आली. ‘‘परत नाव नोंदवू की सोडून देऊ? तुम्ही सांगाल ते करते.’’

तिच्या आईने मागितलेली संधी ती हीच. ‘सोडून दे’ हे दोन शब्द आमच्या जिभेवर आले होते. त्याच क्षणी आम्हांला आमची पत्र्याची पेटी आठवली. गोरेगावच्या सेमिनरीत जाण्याकरता आम्ही घर सोडले, तेव्हा आमची आईही एकटीच मागे राहिली होती. आमच्या जाण्याला गावाने पाचारण म्हटले, वाजतगाजत निरोप दिला. आईला काय वाटते, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. या मुलीने निदान ते विचारले होते. आईला सोबत कोण, औषध कोण आणील, याची तिने वहीत यादी केली होती.

‘‘नोंदव,’’ आम्ही म्हणालो, ‘‘पण आधी घरी जा आणि आईशी बोल. आमच्या तोंडून तिला काही कळू नये.’’

चार दिवसांनी मायलेकी दोघीही आल्या. आईच्या डोळ्यांत पाणी होते, पण पदराच्या गाठीत पुन्हा भरायच्या शुल्काचे पैसेही होते. मोगऱ्याचेच ते पैसे. अर्ज भरताना माउली शेजारच्या खुर्चीवर बसली. मातृभाषेचा रकाना आला तेव्हा मुलीने तिला तो वाचून दाखवला. ती आपल्या बोलीत एवढेच म्हणाली की, लिहायचे ते लिही, पण मला फोन करशील तेव्हा आपलेच बोल.

मुलीने मान डोलावली आणि रकाना भरला. दुसऱ्या परीक्षेचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. तो काहीही लागो. त्या मायलेकींना आम्ही रोजच्या मिस्सेत स्मरतो. आणि आता दाखला लिहिताना प्रत्येक आडनाव दोनदा वाचतो.