मेदकचे देऊळ आणि घर बांधणारे हात

हैदराबादला जाणारा प्रवासी चारमिनार, गोवळकोंडा नि सालारजंग संग्रहालय पाहून परततो. त्यात त्याचे काही चुकते असे नव्हे. परंतु ज्यास एक दिवस अधिक काढता येईल त्याने सिकंदराबादच्या ज्युबिली बसस्थानकावरून मेदकची गाडी धरावी. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची आहे. शहर मागे पडले की दोन्ही बाजूंस एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे दिसू लागतात, मध्येच भाताची खाचरे आणि तळी येतात, आणि गाव जवळ येताच सर्वांच्या वर उठलेला देवळाचा मनोरा दृष्टीस पडतो.

हे देऊळ आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हे, दक्षिण भारतीय ख्रिस्तसभेचे आहे. तेवढ्यासाठी ते पाहण्याचे टाळू नये. घडीव दगडाची ही वास्तू दोनशे फूट लांब व शंभर फूट रुंद असून मनोऱ्याची उंची 175 फूट आहे. वेदीच्या मागे व बाजूंस प्रभूचा जन्म, क्रूसारोहण आणि स्वर्गारोहण दाखविणारी रंगीत काचांची तीन तावदाने आहेत. बाहेर ऊन असेल तोवरच ती बोलतात. दिवस मावळला की आतून पाहणाऱ्यास तेथे नुसता अंधार. म्हणून सकाळीच जावे.

आमच्या युवक मंडळाच्या पाच तरुणांना मी तेथे नेले ते मात्र तावदानांसाठी नव्हे. वेस्लियन मिशनचे रेव्हरंड चार्ल्स वॉकर पॉझ्नेट हे 1895 साली भारतात आले. प्रथम सिकंदराबादजवळच्या तिरमलगिरी छावणीत गोऱ्या शिपायांची सेवा त्यांच्याकडे होती. तेथे मन न रमल्याने ते मेदकच्या खेड्यापाड्यांत शिरले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात दुष्काळ पडला आणि भुकेली माणसे दाराशी आली. पॉझ्नेटसाहेबांनी त्यांना नुसते अन्न वाटण्याऐवजी काम दिले आणि कामाच्या बदल्यात अन्न दिले. 1914 साली आरंभिलेले हे बांधकाम दहा वर्षे चालले, आणि 25 डिसेंबर 1924 रोजी, ऐन नाताळात, देवळाचे समर्पण झाले.

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खडी फोडणारे हात, दुपारी मिळणारी सुकडी, आणि संध्याकाळी ‘आज कमावून खाल्ले’ एवढे म्हणता येण्याचे समाधान ही त्यांच्या आठवणीतली आहेत. निजामाच्या राज्यातला मेदक काय किंवा मराठवाडा काय, 1956 पर्यंत एकाच राज्यातली ही भावंडे; दोघांनाही कोरडे आभाळ ठाऊक.

परसात बसून शिदोरी सोडल्यावर आमच्या एका तरुणाने प्रश्न केला. परदेशांतून चर्चच्या तरुणांचे गट गरिबांची घरे बांधावयास येतात. विमानाच्या भाड्यात दुसरे एक घर उभे राहील, आणि ज्याने कधी थापी धरली नाही त्याने रचलेली भिंत शेवटी गवंड्यालाच सरळ करावी लागते. मग हा खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त होता. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था मिलर्ड व लिंडा फुलर या ख्रिस्ती दांपत्याने 1976 साली अमेरिकेत स्थापिली. भारतातील तिच्या कार्याचा आरंभ 1983 साली खम्मम येथे झाला. तेव्हा ते आंध्र प्रदेशात होते, आज तेलंगणात आहे. आपल्या लोणावळ्याजवळ माळवली येथे 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस याच संस्थेने देशोदेशीच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांना आणून आठवड्याभरात शंभर घरांचे काम केले. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वय वर्षे 82, पत्नीसह कामास उभे होते. त्यांच्या मातोश्री लिलियन यांनी साठी उलटल्यावर विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा केली होती, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते.

या संस्थेची रीत अशी की घर फुकट मिळत नाही. कुटुंबाने स्वतः श्रम करावयाचे आणि नफा न घेता दिलेले कर्ज हप्त्याहप्त्याने फेडावयाचे. माझ्या मते निवाडा येथेच आहे. घरधनी बाजूला उभा राहून पाहुण्यांची छायाचित्रे निघताना पाहत असेल, तर ते घर त्याचे नव्हे. विटा डोक्यावरून वाहताना तो नि पाहुणा एकाच घामाने भिजत असतील, तर विमानभाडे अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही. तरीही गावचा गवंडी रिकामा बसून राहता कामा नये. पॉझ्नेटसाहेबांनी विलायतेहून फरशा आणल्या, पण काम दाराशी आलेल्या भुकेल्या माणसांना दिले.

माझे उत्तर त्या तरुणास पुरतेपणी पटले नाही. परतीच्या गाडीत पाचही जणांचा वाद नरसापूरपर्यंत चालला आणि तेथे एक गोष्ट ठरली. नाताळच्या सुटीत डहाणूकडील एका पाड्यावर, पावसाने पडलेली एका विधवेची भिंत उभारावयाची. गवंडी पाड्यावरचाच घ्यावयाचा, त्याची मजुरी मंडळाने द्यावयाची, आणि हे पाच जण त्याच्या हाताखाली माती कालवतील. बाईंना हे मान्य आहे की नाही, ते मात्र आधी जाऊन विचारावयाचे आहे.